बारा मिनिटं

आशालताने डोळे न उघडताच बटण दाबलं. पलंगापासून टेबलापर्यंतची सात पावलं तिला पाठ होती. चष्मा लावायचा नाही, दिवा लावायचा नाही, कोणाशी चकार शब्द बोलायचा नाही, असा तिचा नेमच होता. टेबलाखालच्या सीपीयूने एक लांब उसासा टाकला, आतला पंखा घरघरू लागला आणि हॉलच्या भिंतीवर निळसर उजेड पसरला. ती पाय वर घेऊन खुर्चीत बसली. पापण्यांच्या आत अजून ते दार होतं. दारापाशी विनया होती, तिची धाकटी बहीण. दोघींच्या मध्ये उंबरठा होता आणि काहीतरी बोलणं चाललं होतं.

'हलू नकोस,' ती स्वतःला बजावत होती. 'हललीस की सांडेल सगळं.'

पण सांडायचं ते सांडतच होतं. त्यांच्या वसाहतीत, एव्हरशाईन सिटीत, साडेपाच वाजले की दुधाच्या क्रेटचा खडखडाट होतो, पाण्याचा पंप सुरू होतो, वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढतं. एकेका आवाजाबरोबर स्वप्नाचा एकेक कोपरा पुसला जायचा. आधी विनयाच्या साडीचा रंग गेला. मग दाराचा रंग गेला. पडद्यावरचं चक्र आपलं फिरतच होतं. हा कॉम्प्युटर उघडायला बारा मिनिटं घेत असे, आणि हे काही हवेतलं बोलणं नव्हे. शांतारामने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, एकदा हातात घड्याळ धरून मोजली होती. बारा मिनिटांत माणूस चहा करून पितो आणि कपबशी विसळूनही ठेवतो. स्वप्न विरायला तर याहून कितीतरी कमी वेळ लागतो.

शेवटी एकदाची फाइल उघडली आणि आशालताची बोटं कळांवर गेली, तेव्हा तिच्याकडे उरलं होतं एक दार, एक बहीण आणि एक उंबरठा. कोण कुठल्या बाजूला उभी होती, तेही धड आठवेना. मग तिने रोज करायची तेच केलं. उरलेलं स्वतःच्या पदरचं घातलं. विनया दारात आली आहे, तिने लिहिलं. चेहरा उतरलाय तिचा. म्हणते, ताई, मी उगाच मनाला लावून घेतलं. माझंच चुकलं. मला आत घेशील ना?

लिहून झालं की तिला जरा बरं वाटायचं. माघापासूनची अशी चाळीसेक स्वप्नं त्या फोल्डरमध्ये निजली होती आणि चाळीसच्या चाळीस वेळा विनयाने माफी मागितली होती. खरं स्वप्न काय होतं, विनया शेवटी काय बोलली, ते मात्र देव जाणे. आणि आशालताला हवं होतं ते नेमकं तेच. सहा वर्षं बहीण तिच्याशी बोलत नव्हती. जागेपणी नाही तर नाही, निदान झोपेत ती काय म्हणते एवढं तरी कळावं, यासाठी बाईचा जीव नुसता तळमळत होता.

आता कोणी म्हणेल, मग उशाशी वही ठेवावी की! ठेवली असती. पण गेली चार वर्षं पेन धरलं की तिचा उजवा हात थरथरायचा, आणि उमटलेलं तिचं तिलाच वाचता यायचं नाही. मोबाइलमध्ये बोलून ठेव, असं शांतारामने सुचवलं होतं. तेही करून झालं. स्वतःचा आवाज कानावर पडताच उरलंसुरलं स्वप्नसुद्धा पळून गेलं. कळांवर मात्र तिची बोटं शांत असत. एकतीस वर्षं तिने सरकारी कचेरीत मराठी टायपिंग केलं होतं. आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर, पण कळांची मांडणी तीच, जुनी. घरचा कीबोर्ड इतका झिजला होता की अर्ध्या कळांवर अक्षरच उरलं नव्हतं, आणि तिला त्याची गरजही नव्हती. बोटं आपली आपण चालायची, मन कुठेही भटकून आलं तरी चालायचं. कचेरीतले साहेब म्हणायचे, आशाताईंच्या कागदात चूक दाखवा आणि माझ्याकडून चहा घ्या. एकतीस वर्षांत त्यांना चहा पाजावा लागला नाही. या गोष्टीचा तिला भारी अभिमान होता, आणि तोच पुढे नडला.

"उठला का कुंभकर्ण?" शांतारामने स्वयंपाकघरातून विचारलं.

"उठला."

"आशा, माझं ऐक. टाकून दे ते धूड. सोळा वर्षं झाली त्याला. आपली ऋतिका दर रविवारी पुण्याहून फोनवर तेच सांगते. दिवाळीला लॅपटॉप घे, म्हणते. झाकण उघडलं की चालू."

"आणि मराठी?"

"मराठीचं काय घेऊन बसलीस! हल्ली इंग्रजीत ए ए आय मारलं की पडद्यावर आई येते."

"आई लिहायला मी ए कुठे शोधू?" आशालता म्हणाली. "माझी बोटं थांबतील. बोटं थांबली की सगळं थांबेल."

शांतारामने तिच्यापुढे चहा ठेवला. बायको पहाटे काय लिहिते, ते तो वाचत नसे. स्वप्नं लिहिते एवढं त्याला माहीत होतं आणि तेवढं त्याला पुरत होतं.

"बरं, मग दुरुस्त तरी कर," तो म्हणाला. "रोज उठून त्याच्या दारात ताटकळत बसायचं, हे काही खरं नाही. हँग होऊन होऊन त्याने आपलं काय काय केलंय, ते विसरलीस?"

आशालताने चहाचा घोट घेतला.

ती विसरली नव्हती. आईचे शेवटचे दिवस याच घरात गेले होते, आतल्या खोलीत. आई गेली त्या दुपारी शेजारच्यांनी सांगितलं, पेपरात द्यायला हवं. आशालता टायपिस्ट, निधनवार्तेचा मजकूर दुसऱ्या कोणी लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. टायपिस्ट माणूस कोरा कागद कधी घेत नाही. जुनी फाइल उघडायची, नाव बदलायचं, तारीख बदलायची, झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या सावे आजींची निधनवार्ता तिनेच आदल्या वर्षी केली होती. तीच फाइल तिने उघडली आणि त्यात आईचं नाव, आईचं वय घातलं. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, त्यांच्या पश्चात एक मुलगी, जावई व नात असा परिवार आहे. सावे आजींना एकच मुलगी होती. आशालताच्या आईला दोन होत्या.

धाकटी विनया रेल्वेपलीकडे, पश्चिमेला भुईगावात दिलेली. दिलेली कसली, तिने स्वतःहून व्हिक्टर मास्तरांशी लग्न केलं होतं. आईने पहिली दोन वर्षं तिचं नाव टाकलं होतं आणि मग सगळं विसरून जावयाला जवळ केलं होतं. त्यामुळे सहा वर्षांपूर्वी त्या दिवशी संध्याकाळी विनयाचा फोन आला, तेव्हा तिच्या आवाजात रागापेक्षा वेगळंच काहीतरी होतं.

"ताई, पेपर बघितला."

"अगं, मी दुरुस्त केलं होतं गं," आशालता म्हणाली होती. "पण कॉम्प्युटर हँग झाला. सेव्हच झालं नाही. जुनंच गेलं."

विनयाने पेपर मिटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तू टाइप करताना चुकत नाहीस, ताई." आणि तिने फोन ठेवला. तेराव्याला ती आली नाही, दिवाळीला आली नाही, ऋतिकाच्या साखरपुड्यालाही आली नाही. नातेवाइकांत सगळे आशालताच्या बाजूचे होते. तो कॉम्प्युटर सगळ्यांनी पाहिला होता. शांताराम तर ज्याला त्याला सांगायचा, अहो, ते यंत्रच तसलं, त्यात हिचा काय दोष!

चहावर हे बोलणं झालं त्याच दिवशी अकराच्या सुमाराला आशालता आणि शांताराम गोखिवऱ्याला गेले. सीपीयू जुन्या चादरीत गुंडाळून शांतारामने रिक्षात मांडीवर घेतला होता. कारखान्यांच्या गाळ्यांच्या रांगेत कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. आत पन्नाशीचा, जाड भिंगांचा चष्मा लावलेला माणूस होता. त्याचं नाव क्लिफर्ड. त्याने झाकण उघडलं, आत डोकावला आणि हसला.

"मॅडम, यात धूळ नाही. गादी भरता येईल एवढा कापूस आहे."

"वाचेल का?" आशालताने डॉक्टरला विचारावं तसं विचारलं.

"वाचेल ना. हे बघा, दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर नवा घ्या, फटाफट चालेल, टेन्शन नाही. पण तुमचं मराठी टायपिंग जुन्या फाँटमधलं. त्या फाइली नव्यावर उघडल्या की अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. मग फाँट टाका, कीबोर्डची सेटिंग करा, सगळी झकझक. नाहीतर हाच ठेवा. याची डिस्क म्हातारी झालीय, बाकी बॉडी ठणठणीत आहे. मी नवी एसएसडी, म्हणजे फास्ट डिस्क टाकतो, जुन्यातलं जसंच्या तसं उचलून तिच्यावर ठेवतो. तुमचा फाँट, तुमच्या फाइली, सगळं जागच्या जागी."

"आणि उघडायला किती वेळ लागेल?"

"वीस सेकंद."

"वीस सेकंद!" शांताराम म्हणाला. "म्हणजे मला चहा आधी करून ठेवावा लागणार."

नवा की जुना, हे ठरायला मग वेळ लागला नाही. वीस सेकंदांत दाराचा रंगसुद्धा पुसला जाणार नव्हता. आशालता लहान मुलीसारखी हरखून गेली होती. विनयाचे शब्द आता तिला मिळणार होते, अगदी जसेच्या तसे. शांताराम पिशवीतलं मिक्सरचं भांडं घेऊन शेजारच्या गाळ्यात गेला, आणि ती पावती होईपर्यंत बाकावर टेकली. भिंतीवर मेरीमातेची तसबीर होती आणि तिच्यामागे वाळलेल्या झावळीचा क्रूस खोचलेला होता.

"तुम्ही कुठले?" तिने विचारलं.

"भुईगाव."

आशालताने पदर नीट केला, पुन्हा नीट केला. विचारू नये असं तिला वाटत होतं आणि विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं.

"तिथे व्हिक्टर मास्तर म्हणून आहेत..."

"म्हणजे काय, आमच्या गल्लीतच! तुम्ही कशा ओळखता?"

"त्यांची बायको माझ्या ओळखीची आहे," आशालता म्हणाली. सख्ख्या बहिणीला ती नुसती ओळखीची म्हणून बसली, आणि शब्द निघून गेला होता.

"विनयाबाई? फार चांगली बाई," क्लिफर्ड स्क्रू काढता काढता म्हणाला. "सगळ्या गल्लीतल्या पोरांचं गणित तिच्याकडे. मास्तर पण देवमाणूस. पण एक गोष्ट मला अजून कळली नाही, मॅडम. विनयाबाईची आई वारली ना, त्याला झाली आता पाच-सहा वर्षं. आदल्या दिवशी मास्तर मला म्हणाले, क्लिफर्ड, तू सकाळी स्टेशनला जातोस, येताना पाच पेपर आण, सासूबाईंची बातमी येणार आहे. आमच्यात कसं, आपल्या माणसाचं छापून आलं की पेपर ठेवतात, नातेवाइकांना देतात. मी आणले पाच. त्यांच्या हातात दिले. संध्याकाळी म्हटलं, मास्तर, एक मला द्या, माझ्या आईला वाचून दाखवतो, ती म्हातारीला ओळखायची. तर म्हणाले, संपले. पाहुण्यांनी नेले." त्याने स्क्रू वाटीत टाकला. "घरात एकही पाहुणा नव्हता, मॅडम. आणि विनयाबाई मागे ओट्याशी उभी, पाठ करून."

"पावती झाली का?" आशालताने विचारलं.

परतताना रिक्षात शांताराम मिक्सरबद्दल पुष्कळ बोलला. ती हो हो म्हणत राहिली. पाच पेपर, पाच पेपर, असं काहीतरी रिक्षाच्या इंजिनाबरोबर तिच्या डोक्यात घुमत होतं.

पुढचे तीन दिवस टेबल रिकामं होतं. तिन्ही दिवस पहाटे ती सवयीने उठली, सात पावलं चालली आणि रिकाम्या जागेसमोर बसून राहिली. स्वप्न यायचं आणि जायचं. ना लिहून ठेवता येत होतं, ना त्यात स्वतःच्या पदरचं घालता येत होतं. घालायचा प्रयत्न तिने केला, नाही असं नाही. पण मनातली विनया माफी मागायला तोंड उघडायची आणि मागे कोणीतरी ओट्याशी पाठ करून उभं दिसायचं. तिसऱ्या दिवशी ती चुकून शांतारामलाच विनू अशी हाक मारून बसली.

"तुला आठवण येतेय तिची," शांताराम म्हणाला. "तूच फोन कर. तुझा काय दोष होता त्यात?"

"तुम्हाला नाही कळायचं," ती म्हणाली आणि उगाचच धुतलेली भांडी पुन्हा पुसायला लागली.

चौथ्या दिवशी क्लिफर्डकडून सीपीयू घरी आला. जोडून झाल्यावर शांतारामने पुन्हा हातात घड्याळ धरलं. बटण दाबलं, पंखा किंचित फुरफुरला, आणि पडद्यावर सगळी चित्रं हजर.

"अठरा!" तो ओरडलाच. "आशा, अठरा सेकंद! वा रे पठ्ठ्या! आता काही अडकलं, तर बोल कुणाला लावायचा?"

तो टाळ्या पिटत हसत होता. आशालताही हसली, पण तिची नजर टेबलाखाली गेली. इतकी वर्षं ते खोकं तिथे बसून तिच्या वतीने साक्ष देत आलं होतं. आता त्याच्याकडे बघून कोणीच म्हणणार नव्हतं, की यंत्रच तसलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्वप्न आलं. खरं म्हणजे ते आलं असं तिला वाटलंच नाही. ती त्यातच होती. केळीची पानं होती, मोठी, दव धरलेली, आणि त्यांच्यामधून जाणारी अरुंद वाट होती. वाट संपली तिथे निळं दार होतं. जाग आली तेव्हा बोटं आधीच अंगाखालच्या चादरीवर चालत होती. ती उठली. सात पावलं. बटण. डोळे मिटलेलेच ठेवून तिने मनात अठरापर्यंत आकडे मोजले, सवयीच्या कळा दाबून फाइल उघडली आणि बोटांना सोडून दिलं. दूधवाला अजून यायचा होता. सगळी इमारत पाण्याखाली असल्यासारखी शांत होती आणि त्या शांततेत कळांचा हलका टकटकाट तेवढा चालला होता. आपण लिहितोय की अजून झोपेतच आहोत, हे तिला कळत नव्हतं, आणि कळून घ्यावंसंही वाटत नव्हतं. बोटं थांबली तेव्हा तिने डोळे उघडले. चष्मा लावला. पडद्यावर चारच ओळी होत्या.

मी विनयाच्या दारात उभी आहे. दार निळं आहे. ती आतून येते आणि माझ्याकडे बघते. काही बोलत नाही. मी म्हणते, कॉम्प्युटर हँग झाला होता. ती बघतच राहते. मी पुन्हा म्हणते, कॉम्प्युटर हँग झाला होता. ती आत निघून जाते. दार उघडंच असतं. मला पाय उचलता येत नाही.

आशालताने ते तीनदा वाचलं. म्हणजे दारात उभी होती ती विनया नव्हतीच. आणि विनया शेवटी काय बोलली, म्हणून ती माघापासून जीव टाकत होती, तर विनया एक अक्षरही बोलली नव्हती. बोलणारी ती स्वतःच होती. रोज. रोजच्या त्या बारा मिनिटांत, असं चाळीस वेळा, तिने दोघींच्या जागा बदलून टाकल्या होत्या.

मग तिने दुसरं फोल्डर उघडलं. आईच्या नावाची फाइल सहा वर्षं तिने उघडली नव्हती. टिचकी मारताच ती समोर आली. थोडा वेळ लागेल, तेवढ्यात मन बदलेल, अशी सोयच आता उरली नव्हती. त्यांच्या पश्चात एक मुलगी. आशालता त्या शब्दांकडे बघत राहिली, आणि जे तिला सहा वर्षं ठाऊक होतं ते तिने पहिल्यांदा स्वतःला आठवू दिलं. त्या दुपारी पाठवण्याआधी तिने मजकूर दोनदा वाचला होता. एकतीस वर्षांची सवय. न वाचता कागद हातावेगळा करणं तिला जमलंच नसतं. दुसऱ्या वाचनात 'एक' तिला दिसलं होतं. बोट कळीवर गेलं होतं. आणि तेवढ्या एका क्षणात तिच्या मनात आलं, दोन वर्षं आईचं सगळं मी केलं, अंथरुणातलं केलं, शिव्या खाल्ल्या. विनया यायची रविवारी, केळ्यांची फणी घेऊन, तासभर. आणि आई हसायची ती त्या तासात. करणारी तर एकच होती. तिने बोट उचललं होतं आणि मजकूर जसाच्या तसा पाठवला होता. कॉम्प्युटर त्या दुपारी अगदी सुरळीत चालला होता.

ती टेबलावर डोकं टेकून रडली. खूप रडली, पण आवाज न करता, कारण आत शांताराम झोपला होता.

नऊ वाजता तिने साडी बदलली. शांताराम दाढी करत होता.

"कुठे निघालीस?"

"भुईगावला."

आरशातल्या शांतारामचा हात गालावरच थांबला. "मी येऊ?"

"नको," ती म्हणाली. दारापर्यंत गेली आणि परत आली. "अहो, ते यंत्रच तसलं असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात ना, ते आता सांगू नका."

"का गं?"

"आल्यावर सांगते."

रेल्वेचा पूल ओलांडून ती पश्चिमेला उतरली आणि भुईगावच्या रिक्षात बसली. रस्ता अरुंद होत गेला तसं ऊन हिरवं व्हायला लागलं. वाड्यांच्या कुंपणाआडून केळी डोकावत होत्या, कुठेतरी विहिरीवरचा पंप चालू होता, आणि चर्चच्या अंगणात दोन बायका झाडू घेऊन निवांत बोलत होत्या. इकडे सगळं जरा सावकाशच चाललेलं असतं. आशालताला वाटलं, आपण अजून जागे झालेलो नाही. गल्लीच्या तोंडाशी ती उतरली. दार निळं नव्हतं. साधं तपकिरी होतं आणि त्याच्या बाजूला पोरांच्या सायकली उभ्या होत्या. तिने कडी वाजवली.

विनयाने दार उघडलं. हातात ओलं फडकं होतं, साडीचा पदर खोचलेला, आणि कानांवरचे केस पार पांढरे झाले होते. ती आशालताकडे बघत राहिली.

"ताई?"

आशालताच्या ओठांवर वाक्य तयारच होतं. सहा वर्षं ते तिथेच होतं.

"विनू, कॉम्प्युटर हँग..." ती थांबली. दाराची चौकट तिने हाताने घट्ट धरली. "हँग झाला नव्हता गं. मला दिसलं होतं ते. पाठवायच्या आधीच दिसलं होतं. मी राहू दिलं."

विनयाने फडकं या हातातून त्या हातात घेतलं.

"का?" तिने विचारलं.

"तू रविवारी यायचीस ना," आशालता म्हणाली. पुढचं तिला नीट बोलताच येईना. "तेव्हा हसायची आई. बाकी आठवडाभर... बाकी आठवडाभर मी असायचे तिच्यापाशी. माझ्याकडे बघून नाही हसायची. मला राग आला होता, विनू. फार राग आला होता."

गल्लीतून एक मुलगी सायकलवरून घंटी वाजवत गेली. विनयाने हातातलं फडकं पिळलं. त्यातून पाणी निघेना, तरी ती पिळतच राहिली.

"ह्यांनी पाच पेपर आणवले होते," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मी पाचही वाचले. वेडीसारखी एकेक उघडून बघत होते. म्हटलं, एखाद्यात तरी बरोबर असेल."

आशालताने चौकट सोडली नाही. ती नुसती उभी राहिली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं. विनया तिच्याकडे बघत होती. मग तिने मान वळवली आणि आतल्या जमिनीकडे पाहिलं.

"चपला बाहेर काढ," विनया म्हणाली. "लादी आत्ताच पुसलीय. घसरशील, भिंतीला धरून ये."